चर्च धुराड्याच्या उजवीकडे

चहा ओतताना स्किपर डाव्या हाताचं एक बोट कपाच्या कडेवरून आत सोडायचे. चहा बोटाला टेकला की ओतणं बंद. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला वाटलं, इथली रीत असेल. परक्या मुलखात माणूस काहीही विचित्र पाहिलं की असंच म्हणतो आणि गप्प बसतो. शिवाय तो चहा माझ्यासाठी असायचा. ज्याच्या घरात राहायचं त्याच्या बोटाला नावं ठेवू नयेत.

आयर्लंडमध्ये, वेक्सफर्डच्या दक्षिणेला एका लहानशा बंदरात त्यांची बोट होती. बोटीच्या शेडवर एक खोली होती, तिथे मी राहायचो. गावातल्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये मी तंदूरवर होतो. स्किपर पंच्याहत्तरीला आलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात दुसरं कोणी नाही. त्यांची बोट भाड्याने चालायची. म्हणजे हौशी मंडळींनी गळ-काठ्या घेऊन सकाळी धक्क्यावर यायचं, स्किपरनी त्यांना मासे असतील तिथे न्यायचं आणि दुपारी परत आणून सोडायचं. मासा एकच, 'बास' नावाचा. आमच्या जिताड्याचा चुलतभाऊ म्हणा ना. तोंडवळा तोच, अंगावर चांदी जरा जास्त. ऑक्टोबर-नोव्हेंबरात खोल पाण्यात निघून जाण्याआधी तो किनाऱ्याजवळच्या खडकांपाशी येतो आणि लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखा खातो. लोक वर्षभर त्या काही आठवड्यांकडे डोळे लावून असतात. माणशी दोनच मासे घरी न्यायचे, तेही पट्टीएवढे भरले तर. बाकीचे जिवंत परत पाण्यात. हा सरकारचा कायदा.

स्किपरचे कायदे वेगळे होते. त्यातला पहिला, थापा धक्क्यावर.

बोटीवर चढायच्या आधी प्रत्येकाने आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या माशाची थाप मारून टाकायची. स्किपर शिडीपाशी हाताची घडी घालून उभे राहायचे.

"बोला."

"मागच्या वर्षी केरीला मी हा एवढा..."

"अजून हात पसर. लाजतोस काय? वर आल्यावर एक सेंटीमीटरसुद्धा वाढवून मिळणार नाही."

डॉक्टर, सुतार, बँकेतली माणसं, सगळ्यांनी हात पसरले. एका पाद्र्यानेही पसरले आणि मग हळूच छातीवर क्रूस केला. सगळ्यांचं झालं की स्किपर म्हणायचे, "झालात मोकळे? ग्रँड. आता बोटीवर खरं बोलायचं. मळमळतंय तर मळमळतंय, भीती वाटतेय तर भीती वाटतेय. मला जे खोटं सांगाल ते बोटीला पण खोटंच सांगितल्यासारखं आहे."

मी पहिल्यांदा गिऱ्हाइकांबरोबर गेलो तेव्हा मलाही सोडलं नाही. "शेफ, तुझी थाप?" मी तंदूरवाला, पण ते मला शेफच म्हणायचे.

"मी कधी गळाने मासा धरला नाही."

"हे तर खरं वाटतंय. थाप मार."

"मी बारावी पास आहे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे शाळा पुरी केली."

"आणि खरं?"

"आठवी."

"ग्रँड. चढ वर."

इथे ग्रँड म्हणजे ठीक, बरं, चालेल, पुरे, गप्प बस, असं सगळं असतं. त्या दिवशी ते 'चालेल' होतं. हा देश मला कधी परत पाठवील या काळजीत मी असायचो. कागदावर कुठे माझी सही चुकली असेल, कुठला रकाना भरायचा राहिला असेल. त्यात कोणी 'आठवी' ऐकून 'ग्रँड' म्हणालं, याचं मला फार वाटलं.

दुसरा कायदा म्हणजे केबिनमधल्या नकाशाच्या स्क्रीनवर कायम भांडी पुसायचं फडकं. "ती पेटी फार बडबडी आहे," म्हणायचे. "पोपटासारखं झाकून ठेवलं की झोपते." गिऱ्हाइकं यावर खूश असायची. युअर मॅन, म्हणजे आपला हा गडी, यंत्राशिवाय मासा शोधतो, असं गावात कौतुकाने सांगायची. आणखी काय? डब्यात नेहमी चार उकडलेली अंडी. मासा स्वतः कधीच खायचे नाहीत, "ओळखीच्यांना कोण खातं?" म्हणायचे. रेडिओवर हवामान सांगणाऱ्या बाईंशी भांडायचे. "नैर्ऋत्य? बाई, जरा खिडकीतून बाहेर बघा!" बाई बिचाऱ्या बोलतच राहायच्या.

मी बोटीवर कसा आलो ते सांगतो. २०२१च्या मे महिन्यात माझे वडील गेले. हर्णैला. तेव्हा तिकडे दुसरी लाट होती, आणि इकडून गेलो असतो तर परत कधी येता येईल याचा भरवसा नव्हता. भावाने सगळं केलं. मी ते फोनच्या स्क्रीनवर पाहिलं, आणि मग संध्याकाळी पार्सलच्या ऑर्डरींसाठी नान लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्किपरनी शेडच्या जिन्यावर काठी आपटली.

"चल."

"कुठे?"

"पाण्यावर. तुझे वडील पाण्यावरचे होते ना?"

बंदराबाहेर गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पाठ करून उभे राहिले. मी किचनमधून मूठभर तीळ आणले होते. अर्धेमुर्धे आठवणारे शब्द म्हणत मी पाणी सोडलं. झाल्यावर मला वाटलं, आता सांत्वनाचं काहीतरी बोलतील. तर म्हणाले, "तुझे वडील माशांची जागा कशी ओळखायचे?"

"खुणांनी."

"कुठल्या?"

"बर्फाच्या कारखान्याची टाकी, आणि तिच्यामागे माडांची जोडी."

"माड टाकीच्या कुठल्या बाजूला?"

"डावीकडे. सरकत सरकत टाकीआड गेले की जाळं टाकायचं."

"आणि उजवीकडे निघाले तर?"

"तर खाली खडप. जाळं फाटतं."

"पुढची सांग."

तासभर त्यांनी मला वडिलांच्या खुणा विचारल्या. पाच खुणा निघाल्या. त्यातल्या तीन मला आठवतात हेच मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी टोपी घातली. म्हणाले, "चांगला स्किपर होता." तेव्हा मला रडू आलं. त्याआधी आलं नव्हतं.

परतताना म्हणाले, "सोमवारी तुमचं हॉटेल बंद असतं. माझ्याबरोबर येत जा. कशाला हात लावायचा नाही, तुझं परमिट स्वयंपाकघराचं आहे. पाहुणा म्हणून बसायचं आणि बघायचं."

घरी फोनवर बायको म्हणाली, "अहो, होडीत बसायला नको म्हणून शाळा सोडून हॉटेलात पळालात, आणि तिकडे जाऊन बसलात होय होडीत?"

"मी फक्त बघतो."

"काय बघता?"

"चर्च."

"म्हणजे आता चर्चात पण जाता?"

तिला समजवायला वेळ लागला. तिथल्या खडकांची खूण अशी होती. किनाऱ्यावर एक पिवळं घर, त्याला एक धुराडं, आणि मागे टेकडीवर चर्चचा उंच सुळका. बोट समुद्रातून आत येताना चर्च धुराड्याच्या उजवीकडे दिसतं, तोवर खाली खोल पाणी. चर्च बरोबर धुराड्यावर आलं की आपण माशांवर. तिथे इंजिन सोडून द्यायचं, बोट ओढीबरोबर वाहू द्यायची आणि गळ टाकायचे. पण चर्च डावीकडे सरकलं की खडकांवर. तिथे लाटा फुटतात.

मी केबिनच्या दारात उलट्या बादलीवर बसायचो. स्किपर सुकाणूवर, समोर बघत, विचारायचे, "शेफ, चर्च कुठे आहे?"

"उजवीकडे. दोन बोटं."

"आता?"

"एक बोट."

"आता?"

"धुराड्यावर!"

"गळ टाका, मंडळी!"

मला वाटायचं, माझी परीक्षा घेतायत. शाळेत मला प्रश्नांचीच भीती होती. प्रश्न विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून, त्याला काय हवंय ते ओळखून, 'हो सर' म्हणायची सवय मला तिथेच लागली. तीच सवय पुढे हॉटेलांत कामी आली. पण चर्च समोर दिसत होतं, त्यामुळे इथे माझी उत्तरं बरोबर यायची. आयुष्यात पहिल्यांदा मी एका विषयात पास होत होतो.

सप्टेंबरात त्यांना एक पत्र आलं. मला खाली बोलावलं. "वाचून दाखव. चष्मा सापडत नाहीये." चष्मा टेबलावर त्यांच्या हातासमोर होता. मी पत्र घेऊन बसलो. माझं इंग्रजी वाचन म्हणजे एकेक अक्षर लावत जायचं, ते तेव्हाच त्यांना कळलं. त्यांना दिसेना आणि मला वाचता येईना. मी अक्षरं सांगायचो, ते जोडून शब्द करायचे. एका पानाला अर्धा तास लागला. पत्र डोळ्यांच्या दवाखान्यातून होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पूर्वी ठरलेली ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली होती, आणि नवी तारीख कळवू असं लिहिलं होतं.

मग मला चहातलं बोट कळलं. स्क्रीनवरचं फडकं कळलं. मी उगीचच फडक्याची घडी घालत बसलो.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"तू आहेस एवढं दिसतं. दुधात पडल्यासारखा."

"चर्च?"

"चर्च मे महिन्यापासून नाही."

बोट चालवायच्या परवान्यासाठी डोळ्यांची तपासणी लागते. कुणाला कळलं असतं तर बोट त्याच दिवशी धक्क्याला बांधली गेली असती. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं, ती बोट आणि रेडिओवरच्या बाई. म्हणाले, "या सीझनची बुकिंगं झालीयेत. नोव्हेंबरच्या अखेरीला मी स्वतः ऑफिसला सांगतो. सोमवारचीच गिऱ्हाइकं घेतो, मेपासून घेतोय तशी. तोवर तू बघ, मी चालवतो. आणि शेफ, तुला नाही म्हणायचं असेल तर म्हण. खोली तुझीच राहील."

नाही म्हणायला हवं होतं. बोटीवर सहा-सहा माणसं असायची. पण ज्याने माझ्या वडिलांसाठी इंजिन बंद केलं होतं, त्याला मी नाही कसं म्हणणार? मी हो म्हणालो. त्या दिवसापासून मला झोप नीट लागली नाही. कोणी विचारलं, पोलिसांनी विचारलं, परमिटवाल्यांनी विचारलं तर काय सांगू याची उत्तरं मी कणीक मळताना पाठ करायचो.

ऑक्टोबर चांगला गेला. नोव्हेंबरचे पहिले सोमवारही. मी आता एका बोटाचंही अर्धं बोट सांगायला शिकलो होतो.

शेवटच्या फेरीला पोर्टलीशहून पाच जण आले होते, एकाच गल्लीतले, दरवर्षी येणारे. त्यांच्यातले सगळ्यात वयस्कर गृहस्थ निवृत्त पोस्टमन. मी कांदाभजी नेली होती ती त्यांनी धक्क्यावरच संपवली. थापाही जोरात झाल्या. वारा पडलेला, समुद्र गुळगुळीत, फक्त खालून लांब लांब लाट येत होती. आणि किनाऱ्यावर धुकट पावसाचा पडदा.

पहिल्या दोन वेळा पडदा विरळ होता. मासे मिळाले. पोस्टमन सोडून सगळ्यांना. तिसऱ्या वेळी स्किपर म्हणाले, "शेवटची फेरी, मंडळी. यावर्षीची शेवटची." ते त्यांनी पोर्टलीशकरांना सांगितलं, पण ते काय बोलले ते मला एकट्यालाच पुरतं कळलं. बोट आत निघाली.

"शेफ, चर्च कुठे आहे?"

पिवळं घर दिसत होतं. त्याच्यामागे नुसतं राखाडी.

"उजवीकडे," मी म्हणालो. मघाशी होतं, म्हणजे असेलच.

"आता?"

मी स्किपरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोपी मागे सरकलेली, ओठ किंचित उघडे. पोस्टमननी काठी उचलून तयार धरली होती. सगळे माझ्याकडे बघत होते. दिसत नाही म्हणालो असतो तर बोट वळली असती आणि सगळं तिथेच संपलं असतं.

"धुराड्यावर," मी म्हणालो.

स्किपरनी इंजिन सोडलं. गळ पडले. मिनिटभर शांत होतं. मग एका पोर्टलीशकराने विचारलं, "इथलं पाणी असं उकळल्यासारखं का दिसतंय?"

स्किपरनी मान वाकडी केली. त्यांनी ते ऐकलं. खडकावर पाणी ओढून घेतल्याचा आवाज, मोठ्या घोटासारखा. त्यांचा हात कोणाला काही कळायच्या आत इंजिनवर गेला. बोट मागे सरकायला लागली तशी खालून लाट आली, तिने आम्हाला उचललं आणि सोडलं. बुडाला एक धक्का बसला. एकच, जड, दार आपटल्यासारखा. पोस्टमन गुडघ्यांवर पडले. पुढच्या लाटेच्या आत आम्ही मोकळ्या पाण्यात होतो.

कोणाला काही लागलं नव्हतं. स्किपरनी खालचं झाकण उघडून आत हात घातला, कोपऱ्याकोपऱ्यात चाचपलं. कोरडं होतं. हात पँटला पुसला. मग उठून त्यांनी स्क्रीनवरचं फडकं काढलं.

"पोस्टमन, इकडे या. हे आकडे मला वाचून दाखवा. घरी जायचंय."

"का? तुम्हाला..."

"दिसत नाही. मे महिन्यापासून."

पोस्टमन आले, चष्मा पुसला, आणि पत्ते वाचावेत तसे एकेक आकडा मोठ्याने वाचू लागले. मी दारातून म्हणालो, "चूक माझी आहे. मला चर्च दिसलं नव्हतं. मी दिसलं म्हणालो."

"बोटीवर पहिली थाप मी मारली," स्किपर म्हणाले. "शेफची दुसरी. तिला पहिलीचा आधार होता." मग पोस्टमनना, "पुढचा आकडा?"

धक्क्यावर त्यांनी पाचही जणांची, एकेकाचा हात हातात धरून, माफी मागितली. एक जण रागावलेला होता आणि तो तसाच गाडीत जाऊन बसला. बाकीच्यांनी हात दाबला. पोस्टमन जाताना मला म्हणाले, "पुढच्या वेळी मोठ्याने ओरड, बरं का. दिसत नाही म्हणून ओरडलास तर कोणी खात नाही तुला."

संध्याकाळी स्किपरनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. टेबलावर फोन होता. "बोटींच्या ऑफिसचा नंबर कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलाय. लाव."

"नोव्हेंबर अखेरीला सांगणार होता ना?"

"अखेर झाली."

"मी सांगितलं असतं नीट, तर..."

"तर पुढच्या वर्षी मी पुन्हा तुला बादलीवर बसवला असता. मला माहितीये मी कसा आहे ते. लाव."

मी आकडे एकेक करून दाबले. प्रत्येक आकडा दाबायच्या आधी दोनदा पाहिला. पलीकडे कोणीतरी उचललं. स्किपर उभे राहिले, टोपी काढली आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. मग सगळं सांगितलं, मे महिन्यापासूनचं. माझं नाव घेतलं नाही. पलीकडून विचारलं असावं की बोटीवर तुमच्यासाठी कोण बघायचं, कारण ते म्हणाले, "एक पाहुणा. त्याचा काही संबंध नाही."

बोट बांधली गेली. मी रोज कामावर जाताना तिच्याकडे न बघता जायचो. स्किपर मात्र रोज सकाळी जाऊन तिच्या दोरांवरून हात फिरवून यायचे. अंडी दोनच उकडायला लागले होते. माझ्यावर रागावले असते तर सोपं गेलं असतं.

डिसेंबरात दवाखान्यातून फोन आला. कोणाचीतरी तारीख रद्द झाली होती, ती यांना मिळाली. एका डोळ्याचं झालं. पट्टी काढली त्या दिवशी मी दुपारच्या सुट्टीत घरी आलो तर स्किपर धक्क्यावर, बोटीसमोर, कमरेवर हात ठेवून उभे.

"शेफ! ही कोणी रंगवली?"

"तुम्हीच. एप्रिलमध्ये."

"आणि तू मला काही बोलला नाहीस? गाईसारखी दिसतेय. ठिपक्याठिपक्यांची."

"मला वाटलं, इथली रीत असेल."

ते इतके हसले की त्यांना डोळा धरावा लागला. मग माझ्याकडे वळले. एका डोळ्याने, जवळ येऊन, मला नीट पाहिलं. बराच वेळ. कपाळ, गाल, मिशी.

"मी तुला पंचविशीचा समजत होतो," म्हणाले.

"त्रेचाळीस."

"केस पांढरे आहेत तुझे."

"हो."

"आधीपासून?"

"नाही. सप्टेंबरपासून."

त्यांनी मान हलवली. मग आपली टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. "थंडी आहे," म्हणाले आणि चहा करायला घरात गेले.